मदत हवी आहे: बदकांच्या स्वॅबमधून बर्ड फ्लूच्या व्हायरसचे आठही सेगमेंट (जीनोमचे तुकडे) कसे काढायचे?

पाळीव बदकांच्या स्वॅबवरून सिक्वेन्सिंग करतोय, एम जीनची (फ्लू ओळखायला वापरतात तो) पीसीआर पॉझिटिव्ह येते पण सीटी ३० च्या वर (म्हणजे व्हायरस कमी), मग एचए, एनए (व्हायरसच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनचे सेगमेंट) नीट मिळतात आणि पीबी२, पीबी१, पीए या सगळ्यात लांब सेगमेंटची फक्त टोकं येतात, मधला भाग गायब. अंड्यात वाढवून घ्या म्हणतात, पण मिक्स इन्फेक्शन असलं तर एकच स्ट्रेन वरचढ होतो ना, आणि बदकात नेमकं तेच शोधायचंय, पक्षी वरून धडधाकट आणि आत दोन व्हायरस सेगमेंटची अदलाबदल करतायत! थेट स्वॅबवरून कुणी केलंय का? लांब सेगमेंटना वेगळे प्रायमर लावता का? एचए च्या क्लीव्हेज साइटवरून (ते प्रोटीन जिथे कापलं जातं ती जागा) हायपॅथ, म्हणजे कोंबड्यांना फार घातक, आहे का ते कळतं, पण पीबी२ मध्ये ६२७ व्या जागी ई (ग्लुटामिक ॲसिड) आहे की के (लायसिन, ज्याने व्हायरस सस्तन प्राण्यांत चांगला वाढतो) हे बघितल्याशिवाय रिपोर्ट द्यायला मन धजत नाही. प्लीज सांगा.