मार्टिनी-हेन्री कार्बाइनचे चेंबर बदलण्याविषयी

बेळगावकडच्या खानापूरच्या आपल्या मित्रांनी पणजोबांच्या मार्टिनी-हेन्री कार्बाइनचे (जुन्या ब्रिटिश एकबारी रायफलीच्या आखूड रूपाचे) चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, .४५-७० या मापाच्या काडतुसासाठी नव्याने कापून घ्यावे काय, असे विचारले आहे. यात मूळ अडचण अशी की, रीमर, म्हणजे भोक कापून मोठे करणारे हत्यार, धातू काढतो, घालू शकत नाही. मूळ .५७७/४५० काडतुसाचा बुंधा .४५-७० पेक्षा बराच जाड असल्याने, आतून पोलादी अस्तर बसवल्याशिवाय नवे काडतूस त्यात नीट बसणार नाही, आणि तसे अस्तर घातले की पणजोबांच्या नळीत पणजोबांचे फारसे काही उरत नाही. त्यापेक्षा मूळ मापच राखावे. पूर्ण लांबीच्या रायफलची ८५ ग्रेन (ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) काळी दारू आणि ४८० ग्रेनची गोळी हलक्या कार्बाइनमध्ये खांद्याला सोसवत नसे, म्हणूनच तिच्यासाठी ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेनची गोळी ठरवली गेली. धूररहित दारू मात्र चिमूटभरही घालू नये.

काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे खानापूरच्या पावसात नळी तशीच ठेवली तर गंज चढायला वेळ लागत नाही. कढत पाणी ओतून, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसून, मगच तेलाचा हात फिरवावा.

अर्थात, हे सारे परवाना असेल तरच. १९५९च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीची दुरुस्ती व फेरफार करणाऱ्या कारागिरालाही परवाना लागतो; पुराणवस्तू म्हणून मिळणारी सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या शस्त्रापुरतीच आहे, आणि कोडगूतल्या कोडव समाजाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची असलेली सवलत बेळगावकरांना लागू नाही.