उत्तर: रविवारची शाळा – हमिंगबर्डचा गळा लाल की काळा?

सर्वांना नमस्कार,

येत्या रविवारी मधल्या गटाला अंगणातले पक्षी शिकवायचे आहेत. आपल्या न्यू जर्सीत फीडरवर, म्हणजे टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर, येतो तो रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड घेतलाय. रंगवायला चित्रं छापून तयार आहेत, पाठ हिरवी, गळा लाल. पण मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, "ताई, आमच्याकडच्याचा गळा तर काळा दिसतो!" मी ठोकून दिलं, मादी असेल. घरी येऊन बघते तर मादीचा गळा पांढरट असतो. आता मुलांना काय सांगू? मराठीतून सोपं करून कुणी सांगेल का?

– शाळेची ताई

*

ताई,

मुलगी बरोबर आहे. तो नरच, फक्त मान वळवून बसलेला. त्या गळ्यात लाल रंग नाहीच, तेव्हा आधी ते क्रेयॉन उचलून ठेव.

मंडळ सोडून नाशिकला परतले तरी तुमच्या मेल वाचायची सवय सुटलेली नाही. इथे हमिंगबर्ड नाही, तो अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही. पण गंगापूर रोडच्या आमच्या बाल्कनीत जास्वंदीवर जांभळा शिंजीर येतो. दोघं मध पितात एवढंच साम्य, नातं लांबचं. हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या, स्विफ्ट म्हणतात ते पक्षी. मे महिन्यात नातवंडं आली होती तेव्हा हा शिंजीर रोज सकाळी खाली लावलेल्या स्कूटरच्या आरशाशी भांडायचा. आरशातला स्वतःच त्याचा शत्रू! सावलीत असला की कोळसा, उन्हात सरकला की निळा-जांभळा लखलखाट, परत कोळसा. नातू म्हणाला, "आजी, याचं कनेक्शन लूज आहे."

तिथूनच सुरुवात केली. पिसाच्या दांडीला फांद्या, फांद्यांना बारीक उपफांद्या. हमिंगबर्डच्या या उपफांद्यांत मेलॅनिनच्या चपट्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि चकत्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांतलं तेच काळं द्रव्य. थराथरावरून उजेड परततो, त्यातले काही रंग एकमेकांना जोर देतात, काही एकमेकांना खाऊन टाकतात. थरांच्या जाडीवर ठरतं की हिरवा उरणार की लाल. बघायची दिशा बदलली की हिशेब बदलतो, म्हणून गळा क्षणात काळा. पावसात पेट्रोल पंपासमोरच्या डबक्यावर तवंग दिसतो ना, जात तीच. मोराचंही असंच, फक्त रचना वेगळी.

नात लगेच म्हणाली, "म्हणजे तुझ्या पैठणीसारखं!" येवल्याची माझी धूपछाव पैठणी, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. मला उदाहरण आवडलं, पण अर्धंच खरं. पदराच्या कडेचे सुटलेले दोन धागे काढून तिच्या तळहातावर ठेवले, एक लाल, एक हिरवा. रंग धाग्यातच आहे, धागा वेगळा केला तरी जात नाही. पीस मात्र कुटून भुकटी केलं तर रचना मोडते आणि हातात उरते तपकिरी धूळ. मुलांना हा फरक पटला की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं हाताने करायचं. ताटात पाणी घे, काळा कार्डशीट तळाशी बुडवून ठेव. वरून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एकच थेंब सोड. तो झर्रकन पसरतो, पातळ पापुद्रा होतो. कागद खालून हळूच वर उचल आणि वाळू दे. बाटलीत रंग नाही, कागदावर मात्र मोरपिशी, गुलाबी, सोनेरी! आमचे पहिले तीन कागद वाया गेले, कारण धाकट्याला धीर नाही, त्याने पापुद्र्यात बोट घातलं. पांढरा कागद घेऊ नकोस, चकाकी विरून जाते. पिसातलं काळं मेलॅनिन नेमकं याच कामाला येतं.

"पक्ष्यालाही असंच दिसतं का?" हा प्रश्न येणारच. आपल्या डोळ्यांत रंगाच्या पेशी तीन तऱ्हांच्या, पक्ष्यांत चार, त्यांना अतिनीलही दिसतं. कोलोरॅडोत रानातल्या हमिंगबर्डवर प्रयोग करून २०२० साली ते छापलं. एका दिव्याशेजारी साखरपाणी, दुसऱ्याशेजारी साधं पाणी. दोन्ही दिवे माणसाला सारखेच हिरवे, एकात मात्र अतिनील मिसळलेलं. पक्ष्यांनी साखरेचा दिवा बरोब्बर ओळखला.

आणि फीडरमध्ये लाल रंग घालू नका म्हणावं. एक भाग साखर, चार भाग पाणी, बास.

– नाशिकची मावशी

*

मावशी, पुढच्या महिन्यात नाशिकला येतोय. पंचवटीतून शाळेसाठी वीसेक मोरपिसं उचलू का? बॅगेत मावतील. – खजिनदार

*

खजिनदार, मुळीच नको! मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर अडकशील. आणि तिकडेही अंगणात पडलेलं हमिंगबर्डचं पीस मुलांना वहीत ठेवू देऊ नका. तुमच्या १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यात गळून पडलेलं पीस जवळ ठेवणंही बसत नाही. पार्किंगमधल्या कबुतराची मान उन्हात दाखवा, हिरवी-जांभळी चमकते, फुकट आहे. माझ्यासाठी येताना काही आणू नकोस, इथून चिवडा ने. – मावशी

*

मावशी, खूप आभार. चित्रं बाद. काल घरी करून बघितलं, पाचवा कागद जमला! एकच अडचण: आपली शाळा चर्चच्या तळघरात भरते, खिडकी एकच, तीही उघडत नाही. चोवीस मुलं आणि नेलपॉलिशचा वास... म्हणून ताटं बाहेर पार्किंगमध्ये मांडतेय. ऊन पडलं तर उत्तमच. पालकांनी काळे कार्डशीट आणि जुनी ताटं आणावीत. नेलपॉलिश बिनरंगाचीच हवी, चमकीवाली नको. – ताई