जुन्या गाडीच्या इंजिनाला घरच्या घरी बाहेरच्या थंड हवेचा पाइप कुणी बसवलाय का? अनुभव लिहा

लालबागचा बॉनेटउघड्या

गाडी ९८ सालची, कार्बोरेटरवाली, चार सिलिंडरची हॅचबॅक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापासून धागा "आमच्याकडे पण होती, निळी" या वळणावर जातो. नोंदणीचं नूतनीकरण तीनदा झालंय. घरच्यांच्या मते आता तिला खर्च म्हणजे पेट्रोल आणि हार, एवढंच.

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या सिग्नलला दहा मिनिटं अडकून मग पूल चढायला लागलं की गाडी जड होते. सकाळी सहाला तोच पूल ती गुणगुणत चढते. बॉनेट उघडून बघितलं तर एअर फिल्टरच्या डब्याचं नाकाडं इंजिनाच्या अंगावरच उघडतं. म्हणजे बाई भट्टीसमोर तोंड करून श्वास घेतेय.

कामाला लागण्याआधी मोजमाप केलं. क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या टाकीत लावायचा वायरवाला थर्मामीटर मिळतो, ७० अंशांपर्यंत दाखवतो. त्याचं टोक नाकाड्यात अडकवलं, वायर खिडकीतून आत घेतली. बाहेर ३३. सिग्नलला उभी असताना ६१. ईस्टर्न फ्रीवेवर सत्तरच्या वेगाने सरळ पळवली तेव्हा ४४, त्याच्या खाली काही उतरेना.

ज्यांनी खरोखर पाइप बसवलाय त्यांनी काय वापरलं, कुठे चुकलं, काढून टाकलं का, ते लिहा. फक्त स्वतः हात काळे केलेलं लिहा. "माझ्या मित्राच्या गाडीला वीस टक्के पॉवर वाढली" वाल्यांसाठी वेगळा धागा काढू.

ग्रीसहात

कुर्ल्याला गाळा आहे. थोडक्यात लिहितो, गिऱ्हाईक उभं आहे.

पीव्हीसी नको. सगळे आधी तेच आणतात, कारण प्लंबरकडे एल्बो मिळतो. तो माल ७५-८० अंशांना मऊ पडतो. एकाने तीन इंची पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांच्या, बाजूने नेला होता, दोन आठवड्यांत पाइप मेणबत्तीसारखा वाकून बेल्टवर टेकला. पुढे ग्रिलच्या मागे, मॅनिफोल्डपासून लांब असेल तर चालतो, पण मग अॅल्युमिनियमचाच घ्या ना. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात तुकडा कापून देतात.

दुसरं, फिल्टरचा डबा काढताना व्हॉल्व्ह कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, येणारी छोटी नळी दिसेल. इंजिनाच्या पोटातली वाफ फिल्टरच्या डब्यात आणून जाळायची सोय आहे ती. नवा पाइप लावणारे हमखास ती मोकळी सोडतात, नाहीतर बुचच मारतात. बुच मारलं की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून तेल बाहेर येतं. मग माझ्याकडे येतात, "इंजिन गेलं का हो?"

आवाज कुणाचा

माझा! पाच वर्षांपूर्वी मूळ डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर लावला होता. पूर्ण ताकदीने पाय दिला की असा हुंकार यायचा की सोसायटीतले आजोबा वॉचमनला विचारायचे, पाण्याचा पंप चालू आहे का.

पहिले दोन महिने मी हवेत. गाडी पळतेय असंच वाटायचं. मग एका रविवारी खंडाळ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये खालून उचलायला गेलो तर दम नाही. आधी ज्या वळणावर तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागला. मूळ पाइपाला बाजूने एक रिकामी डबी असते ना, जी आपण "उगाच आहे" म्हणून फेकतो? तिला रेझोनेटर म्हणतात. ती आवाज मारते, आणि पाइपाची लांबी-रुंदी धरून हवेच्या लहरी कमी आरपीएमला इंजिनाच्या कामी येतील असं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. मी ते गणित फेकलं आणि आवाज विकत घेतला.

शिवाय तो फिल्टर इंजिनाशेजारी उघडाच, त्यामुळे हवा गरमच. म्हणजे थंड हवेच्या नावाखाली मी गरम हवेची सोय केली होती, तीही पैसे देऊन. डबा परत लावला. डबी भंगारात गेली होती, ती कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसऱ्या गाडीची शोधून आणली. आवाजाची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

बारा-तेराचा पाना

@लालबाग, तुम्ही नवा पाइप बसवायच्या आधी एक बघा. तुमच्या नाकाड्याला मूळ पाइप होता का?

मुलुंडला बाबांची गाडी होती, अजून आहे, चालवते मी. मलाही वाटायचं की कंपनीने हवा इंजिनावरूनच घेतलीय, काय हे डोकं. मग एकदा हेडलाइट काढताना मागच्या पत्र्यावर दोन रिकामी भोकं आणि भोवती क्लॅम्पचा गंजाचा गोल दिसला. तिथून नाकाड्यापर्यंत एक रबरी भाता होता! कधीतरी तडकला असणार, कुण्या मेकॅनिकने काढून ठेवला आणि तो ठेवलेलाच राहिला. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, ते काळं लोंबणारं काहीतरी होतं, २००४-०५ ला."

आणखी एक. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत एक्झॉस्टवरून गरम हवा घेणारी दुसरी नळीही बऱ्याचदा असते. थंड मुलखात कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून. मुंबईत तिचा काय उपयोग! पण गरम की थंड हवा घ्यायची ते ठरवणारी डब्यातली झडप त्याच बाजूला अडकून बसली असेल तर गाडी बारा महिने गरमच हवा पिते. आमची बसली होती. डब्ल्यूडी-४० मारून, हलवून मोकळी केली आणि दुसऱ्या बाजूला तारेने बांधली.

भाता काही मिळाला नाही. मग किचनच्या चिमणीचा अॅल्युमिनियमचा घड्यांचा पाइप आणला, चार इंची. आई म्हणाली, आता बॉनेटमधून फोडणीचा वास येणार. बरं चाललं, पण सहा महिन्यांत घड्यांवर चिरला. तो फिल्टरच्या आधी होता म्हणून वाचले, कपचे सुटले तरी फिल्टरने अडवले असते. फिल्टर आणि कार्बोरेटरच्या मधल्या भागात असलं काहीही वापरू नका. तिथे सुईएवढं भोक पडलं तरी धूळ गाळल्याशिवाय थेट सिलिंडरमध्ये.

परळ-भोईवाडा

माझा अनुभव महागाचा आहे, नीट वाचा.

पाइपाचं तोंड जितकं खाली तितकी हवा थंड, हे खरं आहे. म्हणून मी ते बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या जागी नेलं. अॅल्युमिनियमचा पाइप, सिलिकॉनचे जोड, सगळं देखणं. मित्र फोटो काढून घेऊन गेले. जानेवारीत केलं, मेपर्यंत झकास.

जुलैत रात्री नऊला हिंदमाता. पाणी चाकाच्या निम्म्याला. त्याच पाण्यातून याच गाडीने मी आधी चार पावसाळे गेलेलो, पहिल्या गिअरमध्ये, पाय न काढता. त्या वेळी नाकाडं हेडलाइटच्या वर होतं हे डोक्यातच नाही. बाजूने एक बस गेली, तिची लाट आली, आणि गाडी बंद. धक्का नाही, काही नाही, फक्त "ठप्प".

मग मी ती चूक केली जी कुणी करू नये. परत स्टार्टर मारला. दोनदा.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो, आणि जे सगळ्यात कमजोर ते वाकतं. माझा एक कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खाली जोडणारा दांडा, वाकला. बंद पडल्यावर तसाच ढकलत बाजूला घेतला असता, प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढलं असतं, तर कदाचित ऑइल आणि फिल्टर बदलून सुटलो असतो. विमावाल्यांनी हात वर केले. विम्याला इंजिनासाठीची वेगळी जोड घेतली नव्हती, आणि वर मूळ पाइप बदललेला. त्यांच्याशी भांडायला तोंडच नव्हतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मी कॉलेजात होतो, कलिन्याहून पायी घरी आलोय, गाड्या तरंगताना बघितल्यात. आणि तरी पाइप खाली नेला. परदेशातले व्हिडिओ कोरड्या रस्त्यांवरचे असतात, एवढंच सांगतो.

ग्रीसहात

@परळ, दर जुलैत अशा तीन-चार येतात. सगळ्यांनी दोनदा स्टार्टर मारलेला असतो.

सायकलट्यूब

मी लाज सोडून लिहितो. जोडासाठी सिलिकॉनची नळी महाग वाटली म्हणून स्कूटरची ट्यूब कापून दोन क्लॅम्पमध्ये ताणून बसवली. गावातल्या रस्त्यांवर ठीक. वाशीच्या खाडीपुलावर ऐंशीच्या पुढे गाडी गुदमरायला लागली, पाय काढला की बरी. कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलले. शेवटी गाडी उभी ठेवून भावाला रेस द्यायला सांगितली आणि बघितलं, तर ट्यूब आत ओढली जाऊन चपटी होत होती, लहान मूल फ्रूटीचा खोका शेवटी ओढतं तशी.

डेपोकाका

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, आता घरी. लालबागच्या मुलाने आधी मोजलं हे फार आवडलं, म्हणून हिशेब मांडून देतो.

हवेचं वजन तिच्या तापमानावर ठरतं, पण हिशेब शून्य अंशापासून नाही, उणे २७३ पासून धरायचा. म्हणजे ४४ अंश म्हणजे ३१७. समजा पाइपाने फ्रीवेवर ३६ केलं, म्हणजे ३०९. फरक आठाचा, साधारण अडीच टक्के. तुझी गाडी पन्नास घोड्यांची असेल तर मिळाला सव्वा घोडा. एक घोडा आणि एक शिंगरू म्हण.

तोही कधी? पाय पूर्ण दाबलेला असताना. अर्ध्या पायावर गाडी चालते तेव्हा हवा किती आत घ्यायची ते तुझा पाय ठरवतो, हवा जड झाली तर पाय किंचित वर येईल, बाकी काही नाही. परळ ते सायन कुणाचा पाय पूर्ण दाबलेला असतो ते मला दाखव.

मग तुला पूल चढताना फरक का वाटतो? दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी पूल चढते तेव्हाच तू पाय दाबतोस, आणि हवा तेव्हाच ६१ अंश असते. इतक्या गरम हवेवर जुनी इंजिनं नॉक करतात, कडकड ऐकू येते. तशी कडकड असेल तर पाइपाचा उपयोग घोड्यांपेक्षा तिथे जास्त आहे. आणि कार्बोरेटरला हवा जड झालेली कळत नाही, पेट्रोल-हवेचं मिश्रण जरा पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल सोडणारे मूळ जेट असतील तर एवढ्या फरकाने बिघडणार नाही, पण प्लगचा रंग बघत राहा. पांढरट पडला तर थांब.

तीनशे रुपये

माझी गाडीही चढाला जड होती. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के आला, तेवढ्या जुन्या गाडीला मर्यादा ३. पीयूसीवाल्या पोराने विचारलं, "फिल्टर कधी बदललात?" आठवेना. काढला तर आत माहीमच्या मेट्रोची अर्धी माती. नवा कागदी फिल्टर तीनशेला. आकडा २.२ वर आला आणि गाडी चढालाही हलकी. पाइप वगैरे नंतर बघू म्हटलं, अजून बघतोय.

उंदीरमामा

@तीनशे रुपये, निदान तुमच्या फिल्टरला कागद तरी होता. माझ्या पाइपाचं तोंड उघडं, जाळी नाही, गाडी गिरगावात चाळीच्या मागे उभी. दिवाळीला गावी जाऊन आलो तर फिल्टरच्या डब्यात कुरतडलेल्या कागदाचं घरटं, आणि त्यात अर्धी चकली. आमच्याच घरची असावी.

तोंडाला जाळी लावा. डासांची नको, बारीक असते आणि भिजली की हवा अडते. गटाराच्या तोंडाला लावतात तेवढ्या डोळ्याची.

लालबागचा बॉनेटउघड्या

रात्रीच टॉर्च घेऊन खाली गेलो. @बारा-तेरा, भोकं आहेत! दोन, हेडलाइटच्या मागच्या पत्र्यावर, गंजाच्या गोलासकट. चोवीस वर्षं गाडी माझ्याकडे आहे, आणि माझ्याच गाडीचा एक भाग नाही हे धाग्यावर कळलं. बायको म्हणाली, "म्हणजे इतके दिवस जे नवीन करणार होतास ते जुनंच होतं?"

शनिवारी केलं ते असं. नागदेवीहून अडीच इंची अॅल्युमिनियमचा दीड फूट तुकडा, दोन्ही टोकांना रेडिएटरच्या जाड होजचे जोड, ताकद लावून दाबून बघितले, चपटे होत नाहीत. तोंड त्या भोकांपाशी, हेडलाइटच्या वरच्या कडेच्या रेषेत. त्याच्या खाली नेलं नाही, @परळ, शपथ. मॅनिफोल्डच्या बाजूला आडोशाला तेलाच्या डब्याचा पत्रा, कडेला दाराचं जुनं रबरी बीडिंग. वाफेची नळी जिथे होती तिथेच. जाळी उंदीरमामांच्या मापाची. सगळं मिळून साडेसहाशे, वडापाव धरून.

माशांचा थर्मामीटर पुन्हा लावला. फ्रीवेवर ३७. सिग्नलला ५३, त्यातली पाचेक अंशं बहुतेक पत्र्यानेच उतरवली, कारण पत्रा काढून बघितलं तेव्हा ५८ होतं. कडकड आधीही क्वचितच होती, आता ऐकू आलेली नाही, पण मे अजून यायचाय. पूल चढताना मला फरक वाटतो. मुलाला विचारलं, तो म्हणाला नाही.

काका, शिंगरू आलंय बहुतेक. घोड्याची वाट बघतोय.

डेपोकाका

पहिल्या पावसाच्या आधी पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं एक भोक पाड. फिल्टरच्या अलीकडे हं, पलीकडे नाही. थेंब आत आले तर तिथून गळून जातील.

लालबागचा बॉनेटउघड्या

पाडतो. ड्रिल शेजाऱ्यांकडे आहे, गणपतीत दिलं होतं.