इन्टू द वाइल्ड: नायक कसला, हट्टी पोरगा!

रानभुली
एका ट्रेकिंग ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, "ज्याला 'इन्टू द वाइल्ड' भिडला नाही, त्याला स्वातंत्र्य कळलंच नाही." खाली बदामांचा नुसता पाऊस. तिथे लिहिलं असतं तर हाकलली असती, म्हणून इथे.

२००७ चा शॉन पेनचा हा सिनेमा मी परत पाहिला आणि दुसऱ्यांदा जास्त चिडले. एप्रिल १९९२, अलास्कात अजून बर्फ. क्रिस मॅककॅन्डलेस, खराखुरा होऊन गेलेला पोरगा, साडेचार किलो तांदूळ नि एक हलकी रायफल घेऊन रानात एकटा राहायला निघतो. गाडीतून सोडणारा माणूस काळजीने स्वतःचे गमबूट देतो. बूट घेतले, सल्ला नाही. जुलैत परत निघाला तर टेक्लानिका नदी फुगलेली, म्हणून रानातल्या ज्या पडीक बसमध्ये राहत होता तिकडे मागे फिरला आणि तिथेच मेला. त्याच नदीवर, अर्ध्या मैलाच्या आत, तारेवरून हाताने ओढत पलीकडे जायचा पाळणा होता! धड नकाशा असता तर कळलं असतं. सिनेमात त्या पाळण्याचा उल्लेखही नाही. दाखवला तर हौतात्म्य कुठून आणणार?

निवांत
नायक आवडला नाही म्हणून सिनेमा वाईट, हा न्याय भारी आहे. पोरगा हट्टी आहे हे पेन लपवतोय कुठे? हॅल होलब्रुकचा म्हातारा दत्तक घेऊ का विचारतो, तर हा म्हणतो अलास्काहून आल्यावर बोलू. म्हाताऱ्याचे डोळे बघा त्या वेळचे. त्या भूमिकेला ऑस्करचं नामांकन होतं. आणि घरून पळायला कारण होतं हो. बहिणीने २०१४ मध्ये पुस्तक लिहिलंय, घरातल्या मारहाणीसकट.

सुकट_चटणी
मला राग मूसचा! जूनमध्ये हरणाच्या जातीचं एवढं मोठं जनावर मारलं आणि मांसात अळ्या पडल्या. का, तर साउथ डकोटातल्या शिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून धुरी देत बसला. अलास्कातले लोक पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतात. आमच्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने आडव्या बांबूवर टांगतात ते काय शोभेला? चहूकडून वारा लागायला.

भटका_जीव
ताई, बोंबील केवढा, मूस केवढा! शेकडो किलोचं धूड, एकटा माणूस, वर डासांचं मोहोळ.

सुकट_चटणी
म्हणून तर आधी चिरायचं. सुरमईसुद्धा अख्खी टांगत नाहीत, चिरून खारवतात. माझी आजी दुपारी झोपली तरी हातातली कावळे हाकायची काठी सोडत नसे. राखण लागते राखण. तुमचा तत्त्वज्ञ डायरी लिहीत बसला असेल.

भटका_जीव
मूसला मारलं ही घोडचूक झाली असं त्या डायरीतच लिहिलंय त्याने. आणि अलास्कात कोकणातलं ऊन कुठून आणायचं?

सुकट_चटणी
ऊन नाही हो, वारा! किती वेळा सांगू. ढगाळ दिवशीही वारा असला की माल सुकतो. शहरातल्यांना सुकट पाकिटात उगवते असं वाटतं.

रानभुली
बोंबील आवरा जरा. माझा भाऊ किल्ल्यांवर अडकलेल्यांना उतरवायला जातो. पावसाळ्यात रात्री फोन येतो, "आम्ही वाट चुकलोय, बॅटरी दोन टक्के आहे." दोर खांद्यावर टाकून हा निघतो आणि आई उंबऱ्यात बसून राहते. अशांच्या प्रोफाइलवर याच सिनेमाची वाक्यं असतात. तिकडे त्या बसपर्यंत पोचायच्या नादात २०१० आणि २०१९ मध्ये दोघी जणी त्याच नदीत बुडून गेल्या. शेवटी जून २०२० मध्ये बसच हेलिकॉप्टरने उचलून नेली.

निवांत
तुमच्या भावाला सलाम. पण चुकलेल्या प्रत्येक पोराचं बिल पेनच्या नावावर फाडू नका. आणि सिनेमाने त्याला हुतात्मा केलाय म्हणता, तर ऐका. सिनेमात तो दोन सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींत गफलत करून विष खातो. ज्याच्या पुस्तकावर सिनेमा आहे तो क्राकाउर ही गफलत मानतच नाही, त्याचा संशय खाण्याजोग्या म्हणून छापलेल्या वनस्पतीच्या बियांवर आहे. म्हणजे सिनेमाने त्याला होता त्याहून बावळट केलाय.

रानभुली
बरं बाबा, विषाचा मुद्दा तुमचा. पेढे वाटा. पाळण्याचं काय?

निवांत
क्रिसला पाळणा माहीतच नव्हता. कॅमेरा त्याच्यासोबत आहे, तर त्याला कसा दिसणार?

रानभुली
शेवटी तोच कॅमेरा बसमधून निघून आभाळात जातो की! तेव्हा बरी सोबत सुटली. वर जाता आलं, तर नदीच्या कडेने अर्धा मैल खाली जायला काय झालं होतं?

भटका_जीव
हा मात्र बिनतोड. निवांतराव, बोला.

निवांत
जेवून येतो.

सुकट_चटणी
या. आणि धुरीने मांस टिकत नाही असं मी म्हटलेलं नाही, पट्ट्या पातळ हव्यात एवढंच. भटका_जीव, नीट वाचत जा.