मदत हवी आहे: जर्सी सिटीत नव्या चार्टर शाळेसाठी जागा कशी निवडावी?

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. आमचा पालक-शिक्षकांचा गट जर्सी सिटीत चार्टर शाळेसाठी, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या सार्वजनिक शाळेसाठी, अर्ज करतोय. पहिल्या वर्षी केजी ते दुसरी, १२० मुलं. पुढे दरवर्षी ४० वाढवत चौथीपर्यंत २००. दोन जागा डोळ्यांसमोर आहेत.

पहिली बर्गन-लाफायेटमधली बंद पडलेली कॅथलिक शाळा. तीन मजली, विटांची, १९,००० चौरस फूट, लिफ्ट नाही. दुसरी जर्नल स्क्वेअरजवळचं जुनं गोदाम. एकच मजला, १८,००० चौरस फूट, मालक आतून सगळं नवं करून देतो म्हणतो. त्याच इमारतीच्या एका कोपऱ्यात पूर्वी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. आमचा कल गोदामाकडे आहे, कारण इंडिया स्क्वेअर हा भारतीय दुकानांचा भाग चालत अंतरावर आहे आणि आसपास बरीच मराठी कुटुंबं आहेत.

भाडं किती झेपेल? आधी काय तपासायचं? मालक टोकन मागतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

उंबरठा
टोकन देऊ नका. आधी ते ड्रायक्लीनिंग बघा.

न्यू जर्सीत २००७ पासून कायदा आहे. जिथे पूर्वी कारखाना, गोदाम, ड्रायक्लीनर, पेट्रोल पंप, अगदी नेल सलून जरी असलं, तरी तिथे शाळा किंवा पाळणाघर करायचं तर आधी पर्यावरणाची बाजू निकाली लागावी लागते. त्याशिवाय बांधकाम परवाना मिळत नाही. हा कायदा आला तो ग्लॉस्टर काउंटीतल्या एका पाळणाघरामुळे. थर्मामीटरच्या जुन्या कारखान्यात ते चालत होतं, आत पारा सापडला आणि २००६ मध्ये ते बंद करावं लागलं. तुमच्या गोदामाला गोदाम आणि ड्रायक्लीनर अशी दोन्ही कलमं लागतात.

ड्रायक्लीनिंगमध्ये पर्क नावाचं द्रावण वापरतात. सांडलं की ते काँक्रीटच्या लादीतून झिरपून खालच्या मातीत बसतं आणि वर्षानुवर्षं वाफ होऊन भेगांतून, पाइपांच्या कडेने वर येत राहतं. नवा रंग, नवी फरशी केली म्हणून ते थांबत नाही. तपासायचं तर लादीला भोक पाडून खालच्या हवेचे नमुने घेतात आणि सोबत खोलीतल्या हवेचे. इथे एक गोम आहे. खोलीतल्या हवेचे नमुने हीटिंगच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, घेणं अपेक्षित असतं. थंडीत दारंखिडक्या बंद असतात आणि गरम हवा वर जाताना खालची वाफ आत ओढते. एप्रिलमध्ये जागे झालात तर पुढच्या सप्टेंबरची शाळा विसरा.

हे काम एलएसआरपी, म्हणजे दूषित जागांची तपासणी आणि सफाई बघणारा, राज्याचा परवाना असलेला तज्ज्ञ करतो. माणूस तुम्ही नेमा, मालकाचा नको. पहिला टप्पा प्रिलिमिनरी असेसमेंटचा, त्यात जागेचा इतिहास खणतात. ते काम थोडंफार घरी बसूनही होतं. सॅनबॉर्नचे जुने अग्निविमा नकाशे बघा, प्रत्येक इमारतीत काय चालायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. शहराच्या ग्रंथालयातली न्यू जर्सी रूम, म्हणजे स्थानिक इतिहासाचा विभाग, हीही याच कामाची. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या (डीईपी) डेटामायनर या ऑनलाइन नोंदींत पत्ता टाकला की जुन्या केसेस दिसतात.

दोन_जिने
उंबरठा यांच्या मुद्द्यात जर्सी सिटीपुरती भर: क्रोमियम. हडसन काउंटीत १९०५ ते १९७६ क्रोमेटचे कारखाने होते आणि त्यांचा गाळ भराव म्हणून शहरभर टाकला गेला. अशा २०० हून जास्त जागा नोंदलेल्या आहेत. तळघराच्या भिंतीवर किंवा लादीच्या सांध्यात पिवळट-हिरवट फुलोरा दिसला तर तिथेच थांबा आणि नमुना तपासून घ्या. बर्गन-लाफायेटही यातून सुटलेलं नाही, तेव्हा कॅथलिक शाळेचाही शोध घ्याच.

आता ती इमारत. पूर्वी शाळाच होती, ही तिची मोठी जमेची बाजू. जुन्या सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीवर (सीओ, इमारत वापरण्याचा दाखला) वापराचा गट ‘ई’, म्हणजे शिक्षण, असेल आणि मध्ये दुसरा वापर झाला नसेल, तर वापरबदलाचं प्रकरण उभं राहत नाही. गोदामाचं तसं नाही. ते ‘एस’, म्हणजे साठवणीच्या गटातून ‘ई’मध्ये येणार, म्हणजे राज्याच्या रिहॅब सबकोडप्रमाणे (जुन्या इमारतींतल्या बदलांचे नियम) बाहेर पडण्याचे मार्ग, अलार्म, स्प्रिंकलर, सगळं नव्याने तपासलं जाणार. मालक ‘नवं करून देतो’ म्हणतो तेव्हा यातलं काय काय धरलंय ते लेखी मागा. बहुतेक वेळा त्यात रंग, दिवे आणि कार्पेट एवढंच असतं.

कॅथलिक शाळेत तीन ठिकाणी पैसा जातो.

एक, अॅस्बेस्टॉस. जमिनीवर ९ इंच बाय ९ इंचाच्या फरश्या दिसल्या की अॅस्बेस्टॉस आहे असंच धरा. त्यांचा काळा गोंदही त्यातलाच. बॉयलरच्या पाइपांवरचं पांढरं आवरण सुटलेलं असेल तर ते जास्त वाईट. आहेरा या शाळांमधल्या अॅस्बेस्टॉसच्या केंद्रीय कायद्याखाली, इमारत भाड्याची असली तरी, वापर सुरू होण्याआधी तपासणी आणि व्यवस्थापन आराखडा करण्याची जबाबदारी शाळेची असते. नंतर दर सहा महिन्यांनी नजर फिरवायची, दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

दोन, लिफ्ट. वर्गांत मोठा बदल केलात की खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम अपंगांच्या पोचमार्गावर घालावी लागते. तुम्ही सार्वजनिक शाळा आहात, म्हणून ‘चाकाच्या खुर्चीतलं मूल आलं तर बघू’ हे चालत नाही. केजी आणि पहिली तळमजल्यावर ठेवा, शिवाय ग्रंथालय, नर्स आणि एक विशेष शिक्षणाची खोलीही खालीच बसते का ते नकाशावर मांडून बघा.

तीन, पाणी. पिण्याच्या प्रत्येक नळाची शिशाची चाचणी होते, मर्यादा १५ पीपीबी, म्हणजे अब्जात १५ भाग. बंद इमारतीत पाणी महिनोन्महिने पाइपात उभं असतं, त्यामुळे पहिले आकडे हमखास खराब येतात. आधी काही दिवस नळ नेहमीसारखे वाहते ठेवा, मग किमान आठ तास बंद ठेवून पहिल्या धारेचे नमुने घ्या.

वर्गाचं माप: बांधकामाच्या कोडच्या हिशेबाने दर माणशी २० चौरस फूट, म्हणजे २२ जणांना ४४० पुरतात. प्रत्यक्षात केजीला तेवढ्यात गालिचा, कोपरे, दप्तरांचे खण बसत नाहीत. ७५० च्या खाली जाऊ नका. आणि टेप घेऊन जा, दलालाच्या पत्रकावरचा आकडा भिंतींसकट असतो.

गवती_चहा
पैशाचं बघू. न्यू जर्सीत चार्टरला इमारतीसाठी नियमित असा वेगळा निधी नाही, आणि केंद्राचा पैसा सोडला तर सार्वजनिक पैशातून नवी इमारत बांधायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे भाडं निघणार ते दर मुलामागे येणाऱ्या रकमेतूनच. एकूण उत्पन्नाच्या १२ टक्के ही सुखाची रेषा, १५ ला शिक्षकांच्या पगारावर गदा येते.

समजा दर मुलामागे १८,००० डॉलर हातात आले. २०० मुलांचे ३६ लाख, त्याचे १२ टक्के ४,३२,०००. दर मुलामागे ९० चौरस फूट धरले तर १८,००० फूट लागतील, म्हणजे फुटाला वर्षाला २४ डॉलर. त्यात सगळं आलं पाहिजे: भाडं, हीटिंग, विमा, बर्फ उपसणं. करार ‘ट्रिपल नेट’ असेल तर मालमत्ता करही तुमच्याच डोक्यावर, आणि त्याचा बोजा डोईजड होऊ शकतो.

खरा खड्डा पहिल्या वर्षी. १२० मुलांचे २१,६०,०००, त्याचे १२ टक्के २,५९,२००. पूर्ण इमारतीचं भाडं द्यायला लागलात तर २० टक्के तिथेच जातात. म्हणून टप्प्याटप्प्याचा करार मागा: पहिल्या वर्षी १०,८००, मग १४,४००, मग १८,००० चौरस फूट. कॅथलिक शाळेत हे मजल्यानुसार सहज जमतं, एकमजली गोदामात मालक नाखूश असतो.

नाक्यावरचा
झोनिंगचं, म्हणजे कुठल्या भागात कुठला वापर चालतो याच्या नियमांचं, कुणी बोललं नाही. जर्सी सिटीत बऱ्याच भागांना स्वतःचा रीडेव्हलपमेंट प्लॅन (पुनर्विकास आराखडा) आहे, तिथे झोनिंगच्या सर्वसाधारण नकाशावर विसंबू नका. पत्ता घेऊन नगर नियोजन कार्यालयात जा आणि ‘शाळा चालते का’ याचं उत्तर लेखी घ्या. चालत नसेल तर यूज व्हेरियन्स, म्हणजे नियमात न बसणाऱ्या वापराची खास परवानगी, लागतो. झोनिंग बोर्डाच्या सातपैकी पाच मतं हवीत आणि २०० फुटांतल्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. शाळा कायद्याने ‘मुळातच समाजोपयोगी’ वापरात मोडते, त्यामुळे बाजू भक्कम असते. पण वाहतुकीवर अडवणूक होतेच.

म्हणून वाहतुकीचा हिशोब आधीच करून न्या. २०० पैकी ६० मुलं गाडीने आली आणि सगळी १५ मिनिटांत, तर मिनिटाला चार गाड्या. मूल उतरायला एक मिनिट धरलं तर चार गाड्यांची जागा, सुमारे १०० फूट मोकळा कर्ब (फुटपाथची कड), हवा. कुठल्याही मंगळवारी सकाळी पावणेआठ ते साडेआठ आणि दुपारी पावणेतीन ते साडेतीन तिथे उभे राहा. डिलिव्हरीचे ट्रक तेव्हाच डबल पार्क करत असतील तर ते १०० फूट कागदावरच राहतील.

आणि बसवर भिस्त ठेवू नका. आठवीपर्यंतच्या मुलांना सार्वजनिक बस-सोय दोन मैलांपलीकडेच मिळते. हे शहर आटोपशीर आहे, तुमची बहुतेक मुलं त्या रेषेच्या आत पडतील.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. टोकन थांबवलंय. दोन शंका उरल्या. इंडिया स्क्वेअरजवळ असण्याचा फायदा खरंच नाही का? आणि चार्टर हातात नसताना करार कसा करायचा?

उंबरठा
पहिल्याचं उत्तर थोडं कडू आहे. चार्टर शाळा सार्वजनिक असते, अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकायच्या. ओळखीच्या कुटुंबांना जागा राखता येत नाही. उलट प्रवेश शहरातल्या सगळ्या थरांतून यावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि एंगलवूडच्या चार्टर शाळेबद्दल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेल्या निकालानंतर शाळेमुळे वांशिक विभाजन वाढतं का हे राज्याच्या शिक्षण आयुक्तांना तपासावं लागतं. एका वस्तीकडे झुकलेली जागा अर्जात तुमच्याच विरोधात वाचली जाईल. ग्रीनविल आणि बर्गन-लाफायेट या वस्त्यांमधून चालत येता येईल अशी जागा जास्त सोपी. शनिवारी मराठी शाळा भरवायची असेल तर ती वेगळी संस्था म्हणून भाड्याने भरवा, आणि करारात तशी मुभा आत्ताच लिहून घ्या.

गवती_चहा
करार अटींवर करायचा. चार्टर मंजूर झालं नाही, ‘ई’ वापराचं सीओ आलं नाही किंवा एलएसआरपीचा निष्कर्ष वाईट निघाला, तर दंडाशिवाय बाहेर. भाड्याचं मीटर किल्ली मिळाल्यावर नाही, सीओ हातात आल्यावर सुरू. पहिलं चार्टर चार वर्षांचं असतं, त्यामुळे दहा वर्षांच्या करारात ‘नूतनीकरण न झाल्यास करार संपेल’ हे कलम हवंच. अंतिम चार्टरआधी राज्य भाडेकरार, सीओ, आरोग्य तपासणी आणि अग्निशमन तपासणी मागतं, तेव्हा या तारखा उलट्या मोजत या.

दोन_जिने
चर्चशी करार करताना एक जादा वाक्य: रविवारी आणि संध्याकाळी वर्ग कोण वापरणार, आणि सोमवारी सकाळी बाकं जागेवर कोण लावणार. जुन्या दस्तात वापरावर काही बंधनं घातलेली असतात, टायटल सर्चमध्ये (मालकीच्या कागदपत्रांचा शोध) ती शोधायला सांगा. आणि बॉयलरचं तपासणी प्रमाणपत्र बघा. बहुतेक वेळा बॉयलरच्या खोलीतच लावलेलं असतं. तारीख जुनी असेल तर दुरुस्ती कुणाची, हे सही करण्याआधी ठरवा.