सल्ला हवा: टेस्ट बेंचसाठी एफपीजीएवाला (आतलं सर्किट हवं तेव्हा बदलता येणारी चिप असलेला) बोर्ड घ्यावा का, आणि कोणता?

वायरचा_गुंता
नमस्कार मंडळी. आमचं छोटं टेस्टिंग युनिट आहे. सध्या बेंचवर २४ व्होल्ट डीसीचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. कॉइलचा करंट, उघडायला-बंद व्हायला लागणारा वेळ, ४-२० मिलिअँपिअरच्या ट्रान्समीटरवरून प्रेशर आणि के टाइप थर्मोकपलने कॉइलचं तापमान, एवढं मोजतो. यानंतर एन्कोडर, म्हणजे शाफ्टचं फिरणं पल्समध्ये सांगणारे सेन्सर, येणार आहेत (फेरीला २५०० पल्सचे, ३००० आरपीएमपर्यंत) आणि त्यांच्या मागोमाग बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचे ड्राइव्ह. दर कामाला नवी जिग (तपासणीची मांडणी), नवा पीसीबी, नवं फर्मवेअर. कपाटात आता जागा उरली नाही.

म्हणून असा एकच बोर्ड हवाय जो आज स्कोप, उद्या काउंटर आणि परवा कंट्रोलर होईल. रेड पिटाया या एफपीजीए बोर्डाचं १२५-१४ मॉडेल पाहिलं, आवडलं. टीममध्ये दोघांना पायथन छान येतं. व्हेरिलॉग (एफपीजीएचं सर्किट लिहायची भाषा) मी कॉलेजात शिकलो तेवढंच. जाणकारांनी सांगावं.

ओहमचा_नियम
व्हॉल्व्हच्या कामाला एफपीजीए कशाला? साधं डेटा ॲक्विझिशन कार्ड पुरेल.

जुना_रिले
ओहमसाहेबांशी अर्धा सहमत. कॉइलचा करंट चढत जातो, प्लंजर हलताना क्षणभर खाली येतो आणि मग पुन्हा चढतो. तो खळगा म्हणजे व्हॉल्व्ह उघडल्याची खूण. हे सगळं मिलिसेकंदांत घडतं. सेकंदाला २० हजार सॅम्पल घेतले तरी दर ५० मायक्रोसेकंदाला एक बिंदू मिळतो, खळगा स्वच्छ दिसतो. त्यासाठी सेकंदाला १२.५ कोटी सॅम्पलचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) घेणं म्हणजे हौस.

आता रेड पिटायाबद्दल. बोर्ड चांगला आहे. झिंक ७०१० चिप, म्हणजे एकाच तुकड्यात दोन कोअरचा आर्म प्रोसेसर आणि एफपीजीए, वर लिनक्स. पण इनपुटकडे नीट बघा. जंपर लावून दोनच रेंज मिळतात, ±१ व्होल्ट किंवा ±२० व्होल्ट. १४ बिटांत ±१ व्होल्टच्या रेंजवर एक पायरी येते साधारण १२२ मायक्रोव्होल्टची. के टाइप थर्मोकपल अंशाला देतो सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणजे एका पायरीत तीन अंश गेले! तापमानाला वेगळी संथ चिप लावा. मॅक्स३१८५६ सारखी चिप कोल्ड जंक्शनचा (थर्मोकपलच्या जोडणीकडच्या टोकाच्या तापमानाचा) हिशेबही स्वतःच करते आणि एसपीआयवरून थेट तापमान देते.

प्रेशरच्या लूपला २५० ओहम लावले तर १ ते ५ व्होल्ट मिळतात, मग ±२० ची रेंज घ्यावी लागते आणि पायरी होते सुमारे २.४ मिलिव्होल्टची. त्यापेक्षा ४७ ओहम लावा. २० मिलिअँपिअरला ०.९४ व्होल्ट येतो, ±१ मध्ये बसतो. आणि वायर तुटली तर ०.१८८ च्या (४ मिलिअँपिअरच्या) खाली जातो, तो अलार्म फुकटात.

अजून एक. दोन्ही इनपुटांची ग्राउंड आतून एकच आहे. करंटचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) कॉइलच्या वरच्या बाजूला टाकून प्रोबची ग्राउंड क्लिप तिथे लावाल तर सप्लाय थेट शॉर्ट होईल. शंट खालच्या बाजूला घ्या, नाहीतर हॉल सेन्सर.

बिट_बाय_बिट
एन्कोडरचं गणित करून पाहिलं. २५०० पल्स, दोन्ही चॅनलच्या सगळ्या कडा मोजल्या तर फेरीला १०,०००. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या. एकूण सेकंदाला ५ लाख कडा. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरच्या टायमरमध्ये एन्कोडर मोड असतो, तो हे सहज मोजतो. पण एन्कोडर *तपासायचा* असेल तर नुसती मोजणी कामाची नाही, दोन कडांमधला वेळ हवा. १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर तो ८ नॅनोसेकंदाच्या बारकाईने मिळतो, आणि ए आणि बी चॅनलमधला ९० अंशांचा फरक कुठे ढळतोय ते दर पल्सला कळतं. इथे एफपीजीए घेतल्याचं सार्थक होतं.

फक्त एन्कोडरच्या वायरा सरळ पिनांना जोडू नका. झिंकच्या ३.३ व्होल्टच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत. लाइन ड्रायव्हर आउटपुटचा एन्कोडर असेल तर मध्ये एएम२६एलव्ही३२ सारखा रिसीव्हर हवा. आणि आत शिरणारा प्रत्येक सिग्नल आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या (आतल्या क्लॉकशी जुळवायला), नाहीतर महिन्यातून एकदा काउंट उडेल आणि कारण सापडणार नाही.

पॅनेलवाली
मी उलट बाजूने बोलते. बेंच प्रयोगशाळेत असेल तर रेड पिटाया ठीक. शॉपफ्लोअरवर कॉन्टॅक्टरच्या शेजारी चालवायचा असेल तर कॉम्पॅक्टरिओसारखी चीज बघा. आत तोच प्रकार, रिअल-टाइम प्रोसेसर आणि एफपीजीए. फरक बाहेर आहे: थर्मोकपलचं, मिलिअँपिअरचं, २४ व्होल्टचं असं वेगवेगळं मॉड्यूल सरकवायचं, आयसोलेशन असलेलं निवडायचं, स्क्रू टर्मिनल आवळायचे. जुना रिले यांनी सांगितलेली निम्मी डोकेदुखी तिथे विकतच सुटते. त्या बदल्यात लॅबव्ह्यू (त्याचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) शिकावं लागतं आणि परवान्याचा खर्च येतो.

@बिट_बाय_बिट, दोन फ्लिप-फ्लॉपबद्दल +१.

वायरचा_गुंता
सगळ्यांचे आभार. बेंच लॅबमध्येच आहे, धूळ-तेल नाही. दोन शंका. एक, सलग डेटा पीसीवर साठवता येईल का? दोन, पायथनवर किती निभेल?

बिट_बाय_बिट
पूर्ण वेगाने सलग नाही. दोन चॅनल, दोन-दोन बाइट, सेकंदाला ५०० मेगाबाइट होतात. गिगाबिट इथरनेटची कमाल धाव १२५ ची, प्रत्यक्षात त्याहून कमी. आतच फिल्टर करून डेसिमेशन करा, म्हणजे सॅम्पलचा वेग उतरवा. तुम्हाला एवढा वेग नकोच आहे, आणि सरासरीमुळे नॉइजही उतरतो.

तयार ॲप्स आणि पायथनच्या कमांडवर स्कोप, जनरेटर हे भागतं. पीआयडी (कंट्रोल लूप), लॉक-इन (नॉइजमधून बारीक सिग्नल काढणं) हवं असेल तर पायआरपीएल हे सॉफ्टवेअर पाहा, खुलं आहे. स्वतःचं काउंटर मात्र व्हेरिलॉगमध्येच लिहावं लागेल. त्यासाठी विवाडो हे सॉफ्टवेअर लागतं. या चिपला फुकटची आवृत्ती चालते, पण डिस्कवर दहा-दहा जीबींच्या हिशेबात जागा खातं आणि एक ओळ बदलली तरी बिल्डला चहा होतो. म्हणून आधी सिम्युलेशन. कोकोटीबीमध्ये टेस्टबेंच (डिझाइन तपासणारा कोड) पायथनमध्ये लिहिता येतो, तुमच्या दोघांना लगेच कामाला लावा.

जुना_रिले
मोटर ड्राइव्हला हात लावण्याआधी एक वाचा. एफपीजीए कॉन्फिगर होईपर्यंत त्याच्या पिना तुमच्या ताब्यात नसतात, तरंगत राहतात किंवा पुल-अपने वर जातात. नेमका तेव्हा गेट ड्रायव्हर (मॉसफेट चालू-बंद करणारी चिप) चालू झाला तर वरचा-खालचा मॉसफेट एकत्र ऑन, म्हणजे सप्लाय शॉर्ट. गेट ड्रायव्हरच्या इनपुटला आणि एनेबलला दणकट पुल-डाउन द्या. इमर्जन्सी स्टॉप तर एफपीजीएतून नेऊच नका, तो सरळ पॉवर तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरवर. ओव्हरकरंट ट्रिप मात्र आत ठेवा. पीसीवरच्या पायथनला ते जमेपर्यंत मिलिसेकंद उलटतात, आणि दर वेळी वेगवेगळे.

वायरचा_गुंता
ठरलं तर मग. व्हॉल्व्हचं काम आहे त्या जिगवरच ठेवतो, थर्मोकपलला वेगळी चिप. रेड पिटाया एन्कोडरसाठी घेतो. पुढे-मागे कॉइलच्या मापनासाठी इनपुटचं छोटं कार्ड बनवू.

ओहमचा_नियम
कार्ड बनवताना कॉइलवर फ्लायबॅक डायोड (कॉइल बंद करताना तिच्या करंटला वाट देणारा) कोणता टाकताय? साधा डायोड टाकला तर करंट हळूहळू विझतो आणि बंद व्हायचा वेळ लांबतो. झेनरबरोबर टाकला की लवकर विझतो. तोच व्हॉल्व्ह, दोन आकडे.

वायरचा_गुंता
सध्या साधाच आहे. ग्राहकाच्या पॅनेलमध्ये काय आहे ते विचारून मगच बदलतो, म्हणजे त्यांचा आणि आमचा रिपोर्ट जुळेल.