'रिपरफ्यूजन इंज्युरी'ला मराठीत काय म्हणावं?

मारेगावची सिस्टर:
हार्ट अटॅकवर गावासाठी एक पान लिहायचं काम अंगावर आलंय आणि या एका शब्दावर गाडी अडलीय. हृदयाची बंद नळी उघडली की उपाशी स्नायूला रक्त मिळतं, तो वाचतो. पण रक्त परत येतं त्या पहिल्या काही मिनिटांत थोडा स्नायू उलट त्यानंच मरतो. 'पुनःपरिसिंचनजन्य क्षती' असा शब्द जुळवला आणि आमच्या आशाताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ताई, हे कोनत्या योजनेचं नाव हाय?"

पांढरकवड्याचा कास्तकार:
हे तर आमच्या वावरात होते. ऑगस्टात वीस दिवस उघाड पडते, पऱ्हाटी, म्हंजे कपाशी, सुकते पण तगते. मंग एका रात्री धो धो येते, अन् दुसऱ्या दिवशी बोंडं धरलेलं झाड मान टाकते. कृषीवाले त्याले 'आकस्मिक मर' म्हणतेत. आमी म्हणतो पऱ्हाटी उबळली. तहानेनं नाही मेली, पाण्यानं मेली.

नागपूरकर डॉक्टर:
उपमा झकास, पण एका जागी उलटी पडते. तिथे पाणी साचून मुळांची हवा तुटते. हृदयात मात्र प्राणवायू एकदम येतो. रक्त बंद असताना पेशीत आम्ल साचतं आणि तेच मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या वीजघराचं, एक दार लावून धरतं. रक्त आलं की आम्ल धुऊन जातं, आत कॅल्शियम दाटतं, प्राणवायूतून मोकाट रेणू निघतात, ते दार उघडतं आणि वीजघरच बसतं.

'इंज्युरी'ला 'इजा' म्हणणं मला पटत नाही. इजा बाहेरून होते: विळा लागला, बैलानं शिंग मारलं. 'नुकसान' म्हणा, ते पिकालाही चालतं.

वरुडचा संत्रेवाला:
बहार धरताना आम्ही झाडाला ताण देतो, म्हणजे काही दिवस पाणी बंद. ताण तोडताना पहिलं पाणी हलकंच, एकदम भरपूर नाही. हृदयाला असं करत नाहीत का?

नागपूरकर डॉक्टर:
अगदी हेच करून पाहिलंय! 1986 मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांची रक्तवाहिनी 40 मिनिटं बंद करण्याआधी 5-5 मिनिटांचे 4 ताण दिले. मेलेला भाग एरवीच्या जेमतेम पाव भरला. 2003 मध्ये दुसऱ्या गटानं, पुन्हा कुत्र्यांवरच, नळी उघडताना 30-30 सेकंद सोड-बंद केली. म्हणजे तुमचं हलकं पाणी. तिथेही नुकसान घटलं. माणसांत मात्र हे तसं उतरलं नाही. तिथे हृदयाऐवजी दंडाला ताण दिला: बीपीचा पट्टा 5 मिनिटं आवळायचा, 5 मिनिटं सोडायचा, असं 4 वेळा. हा प्रयोग 5000 च्या वर रुग्णांवर झाला आणि 2019 मध्ये निकाल आला: फायदा नाही. आज खात्रीचा उपाय एकच, नळी लवकर उघडणे. उशीर जितका, तितका स्नायू जातो.

मारेगावची सिस्टर:
'ताण' सुरेख आहे, पण पानावर छापला की लोक 'टेन्शन' वाचतील. अटॅकच्या पानावर तर हमखास. आणि दुसरी भीती मोठी. "रक्त सोडल्यावर नुकसान" असं लिहिलं तर घरचे म्हणतील, मग नळी उघडताच कशाला? आधीच इथून नागपूर गाठायला तीन तास लागतात, त्यात भाऊबंदांची बैठक.

नागपूरकर डॉक्टर:
मग क्रम बदला. आधी काय वाचतं ते, मग काय जातं ते.

मारेगावची सिस्टर:
असं लिहिलं: "नळी उघडली की बराच स्नायू वाचतो. रक्त परत येताना त्यातला थोडा उबळतो. उशीर केला तर वाचवायला फारसं उरतच नाही."

आशाताईंनी वाचलं. म्हणाल्या, "वावरात ठीक हाय. पन दवाखान्याच्या कागदावर उबळ म्हनजे खोकला."